तक्रारखोर व्याही

लिफ्टमध्ये आयुष्य काढलेला माणूस मितभाषी होतो, आणि याला शास्त्रीय कारण आहे. लिफ्टमध्ये कुठलाही विषय काढला तरी तो चौथ्या मजल्यापर्यंत आटोपावा लागतो. हवा, गुडघे आणि साहेबांची बदली एवढे तीनच विषय त्या अंतरात बसतात. चौथा काढायला जावं, तर दार उघडतं आणि समोरचा माणूस आपल्याला अर्ध्या वाक्यावर सोडून निघून जातो. तपासनीस सरकारी खात्यात लिफ्ट तपासायचे. दोर, दारं, ब्रेक आणि धोक्याची घंटा बघून ते मान हलवत, तेव्हा कुठे लोकांना वर जायची परवानगी मिळे. त्यांच्या गप्प बसण्याबद्दल खात्यात पुष्कळ कथा होत्या. एकदा म्हणे एक विमा एजंट त्यांच्याबरोबर वर निघाला. सहाव्या मजल्यावर त्याचं बोलणं बंद पडलं आणि अकराव्यावर त्याने स्वतःच्याच पॉलिसीबद्दल शंका बोलून दाखवली. यात थोडी अतिशयोक्ती असेल. बोलणं सहाव्या नाही, सातव्या मजल्यावर बंद पडलं असेल.

अशा माणसाची एकुलती एक लेक परदेशी गेली आणि तिथे तिने तिच्यासारखाच घर सोडून नोकरीला आलेला, स्पॅनिश बोलणारा नवरा पसंत केला. लग्न नवऱ्यामुलाच्या गावी झालं. तपासनीसांच्या बायकोने तिथे कमाल केली. तिने विहीणबाईंचा हात जो धरला तो जेवणं होईपर्यंत सोडला नाही. दोघींनी एकमेकींना दुखरे गुडघे दाखवले, एकमेकींच्या साडीचा आणि झग्याचा पोत चाचपून बघितला, आणि मुलांकडे बघून आळीपाळीने डोळे पुसले. तपासनीस मात्र हॉलच्या दाराशी हात पाठीमागे बांधून उभे होते. मन भरून आलं होतं, पण भरून आलेल्या मनाचं नक्की काय करायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून ते हॉलची लिफ्ट बघून आले. परत आल्यावरही मन तसंच होतं, म्हणून पुन्हा एकदा बघून आले.

त्या दोन फेऱ्या फार महागात पडल्या. लेकीने एक दिवस फोनवर जरा आडवळणाने विषय काढला आणि मग सरळच सांगितलं.

“बाबा, सासूबाईंना वाटतं तुम्हाला हे लग्न पसंत नव्हतं.”

तपासनीस गप्प. त्यांचं गप्प बसणं लेकीच्या सवयीचं होतं, त्यामुळे ती पुढे बोलत राहिली. तिने सासूला पुष्कळ समजावलं होतं. पण सासूचं म्हणणं, ज्याला आनंद झालाय तो माणूस पोरीच्या लग्नात लिफ्ट बघायला जात नाही. “आम्ही त्यांच्याकडे गेलो की त्या मला काही बोलत नाहीत हो. पण बघतात अशा, जणू मी घरी भांडून आलेय आणि मला माहेरच उरलेलं नाही. फार प्रेमाने वागतात, त्याचाच त्रास होतो.” हिवाळ्यात ती, जावई आणि विहीणबाई अशी तिघंही आठवडाभर राहायला येणार होती. तेवढ्यात काही करता आलं तर बघा, असं ती म्हणाली नाही. पण बापाला ते ऐकू आलं.

“बघतो,” तपासनीस म्हणाले. त्यांच्या हिशेबी ते भाषण झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘घरबसल्या स्पॅनिश’ नावाचं पुस्तक आणलं. प्राथमिक पातळी ही माणसाच्या आयुष्यातली फार सुखाची जागा आहे. हे सफरचंद आहे. हे माझं घर आहे. माझा भाऊ उंच आहे. बोलणाऱ्याला आनंद, ऐकणाऱ्याला कौतुक, आणि सफरचंद कुठे पळून जात नाही. तपासनीसांनी ती पातळी बसल्या जागी पार केली. पण विहीणबाईंना सफरचंद दाखवून गैरसमज दूर होण्यासारखा नव्हता. ‘तुमच्या घरात माझी मुलगी आहे याचा मला आनंद आहे’ असं काहीतरी म्हणायचं, तर त्यासाठी मध्यम पातळी लागते. आणि मध्यम पातळीसारखी वाईट जागा नाही. तिथे कौतुक बंद झालेलं असतं आणि समजणं सुरू झालेलं नसतं. दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट अडकावी, खालचे म्हणावेत वर गेली, वरचे म्हणावेत खाली आहे, तसला प्रकार.

संभाषणाचे वर्ग चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर भरत. इमारतीची लिफ्ट बंद होती, हे तपासनीसांनी मनात टिपून ठेवलं आणि जिना चढले. नाव नोंदवायला रांग होती. त्यांच्या मागे त्यांच्या राहत्या इमारतीतले, तळमजल्यावरचे दंतवैद्य आले. हे त्यांचेच शेजारी, आणि निवृत्तीनंतर काहीतरी नवीन शिकावं म्हणून आलेले. तपासनीसांनी सवयीने त्यांच्यासाठी दार धरलं, त्यांना आत जाऊ दिलं आणि आपण मागून गेले. एवढ्याशा सभ्यपणामुळे पुढचं सगळं रामायण घडलं.

त्या संस्थेत अशी पद्धत होती की नाव ज्या क्रमाने नोंदवलं त्या क्रमाने दोघादोघांची जोडी लावायची. पहिला तो ‘अ’, दुसरा तो ‘ब’. पाठ्यपुस्तकातला प्रत्येक पाठ म्हणजे अ आणि ब यांचं संभाषण. परीक्षाही त्याच जोडीने आणि त्याच भूमिकेत द्यायची, कारण गुण संगणकात तसेच भरले जात. दंतवैद्य अ झाले. तपासनीस ब झाले.

आता ते पाठ्यपुस्तक ज्याने लिहिलं, तो गृहस्थ प्रवासात कुठेतरी फार दुखावला गेलेला असावा. पहिल्या पाठात ब स्टेशनवर उतरतो आणि त्याला घ्यायला कुणी आलेलं नसतं. दुसऱ्यात तो हॉटेलात जातो. खोली लहान निघते आणि रात्री आवाज येतो. तिसऱ्यात सूप गार. चौथ्यात शिंपी कोटाची एक बाही आखूड करतो. पाचव्यात सामान हरवतं, सहाव्यात सापडतं पण दुसऱ्याचं. अ कधी हॉटेलचा मॅनेजर, कधी वाढपी, कधी शिंपी. आणि प्रत्येक पाठात तो अत्यंत अदबीने माफी मागतो. ब पुस्तकभर तक्रार करत हिंडतो. शिकवणाऱ्या बाई वयाने लहान आणि स्वभावाने प्रेमळ होत्या. भाषा जिभेवर चढवायची तर एकच वाक्य झोपेतसुद्धा येईल इतकं घोटलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं. तपासनीसांनी इमानदारीने घोटलं. हळूहळू असं झालं की वाक्य कुठलंही असो, ‘मला एक तक्रार नोंदवायची आहे’ या शब्दांनी धक्का दिल्याशिवाय ते हलेनाच.

तपासनीस मूर्ख नव्हते. विहीणबाईंशी बोलायला हा माल उपयोगाचा नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी अ-ब अदलाबदल करून मागितली. संस्थेच्या कारकूनबाईंनी सांगितलं की भूमिका बदलायची तर प्रमुखांची मंजुरी लागते, प्रमुख रजेवर आहेत, आणि मंजुरीचा अधिकार ते आपल्या गैरहजेरीत कुणाला देऊन गेले याच्या कागदावर त्यांचीच सही व्हायची आहे. शिवाय जोडीदाराची संमती हवी.

दंतवैद्यांनी संमती साफ नाकारली. तीस वर्षं त्यांच्यासमोर माणसं तोंड उघडून बसली होती, पण बोललं कुणीच नव्हतं. इथे पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना आपलं दुखणं पूर्ण वाक्यात सांगत होतं. त्यातून मनमोकळी माफी मागायची सोय. दवाखान्यात ‘चुकलं’ म्हणायची चोरी. इथे ते आठवड्यातून तीनदा म्हणायचे आणि टवटवीत होऊन घरी जायचे. हे सुख सोडायला ते तयार नव्हते. “तुम्ही तक्रार फार छान करता हो,” ते तपासनीसांना म्हणाले. “अगदी आतून येते.”

मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक जिन्यात भेटले की स्पॅनिशमध्ये विचार करा म्हणून सांगत. तपासनीसांनी प्रयत्न केला. पण एक तर त्यांचे विचार बहुतेक लिफ्टच्या दोरांविषयी असत, आणि दुसरं म्हणजे दोराला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात हे शिंप्याच्या पाठात आलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने सांगितलं की एकट्याने मोठमोठ्याने बोलावं, संकोच मरतो. बायकोने सांगितलं तेवढं सोपं होतं. ती म्हणाली, “अहो, विहीणबाई आल्या की नुसतं हसा. हसायला कुठली पातळी लागते?” तपासनीसांनी आरशासमोर हसून बघितलं. दार अर्धवट उघडून अडकल्यासारखं दिसलं. त्यांनी औषधवाल्याचा सल्ला घेतला.

मोठमोठ्याने बोलायला एकांत हवा, आणि तपासनीसांचा एकांत लिफ्टमध्ये. एका व्यापारी इमारतीची तपासणी चालू असताना त्यांनी ब्रेक बघायला लिफ्ट मुद्दाम दोन मजल्यांच्या मधे थांबवली, धोक्याच्या घंटेचं बटण दाबून पाहिलं, ती नीट वाजते अशी नोंद केली, आणि मिळालेल्या निवांतपणात हॉटेलचा पाठ सुरू केला. खोली लहान आहे. रात्री आवाज येतो. मी तीनदा सांगितलं. कुणीही लक्ष देत नाही. याला जबाबदार कोण? आवाज चढत गेला, कारण बाईंनी भावनेसह म्हणायला सांगितलं होतं.

घंटेच्या बटणाबरोबर लिफ्टमधला बोलण्याचा मार्गही उघडा होतो, हे त्या शहरात तपासनीसांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनीच शेकडो ठिकाणी तो तपासलेला. पण ब माणूस बोलायला लागला की आतला तपासनीस गप्प व्हायचा. खाली पहारेकऱ्याच्या टेबलावरच्या कर्ण्यातून एका परदेशी माणसाचा आक्रोश बाहेर पडू लागला. माणसं गोळा झाली. एकीने दम्याचा झटका आहे असं निदान केलं. दुसऱ्याने त्या भाषेतला ‘तीनदा’ एवढा शब्द ओळखला आणि आत तिघं आहेत, असं जाहीर केलं. अग्निशमन दल आलं. त्यांनी पहारेने दार फाकवलं, तेव्हा आत सरकारी ओळखपत्र गळ्यात घातलेले तपासनीस एकटेच उभे होते आणि कोटाच्या बाहीबद्दल बोलत होते.

खात्याने मेमो काढला. तपासणीच्या वेळी आपण कोणत्या देशाच्या नागरिकास लिफ्टमध्ये घेतलेत, कोणाच्या परवानगीने घेतलेत, आणि तो आता कुठे आहे, याचा खुलासा करावा. तपासनीसांनी खुलासा केला की तो नागरिक मीच. यावर खात्याचं समाधान होण्याऐवजी दुसरा मेमो आला: परकी भाषा शिकण्यामागचे प्रयोजन कळवावे. आता इथे ‘विहीणबाईंचा गैरसमज’ असं लिहावं तर आयुष्यभराची अब्रू गेली. त्यांनी ‘कौटुंबिक’ एवढाच शब्द लिहिला. मोठे साहेब स्वतः दोनदा व्याही झालेले. त्यांनी तो शब्द वाचला, एक उसासा टाकला आणि प्रकरण बंद केलं.

आणि हिवाळा आला.

विमानतळावर म्हणायचं स्वागताचं छोटंसं भाषण शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः तयार करून दिलं होतं. तपासनीसांनी ते वाटेत तीन वेळा बिनचूक म्हटलं. टॅक्सीवाल्याने आरशातून दोनदा मागे बघितलं. दाराशी लेक दिसली, जावई दिसला, आणि दोघांच्या मधे गुडघे सांभाळत येणाऱ्या विहीणबाई दिसल्या. तपासनीस पुढे झाले. छाती भरून आली, भाषणाची पाटी कोरी झाली, आणि त्या कोऱ्या पाटीवर पहिला पाठ आपसूक उमटला. मी आधी कळवलं होतं, तरीही मला घ्यायला कुणी आलं नाही, असं ते स्वच्छ उच्चारात म्हणाले.

विहीणबाईंनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग त्यांनी सुनेकडे बघितलं, आणि सुनेने विमानतळाच्या छताकडे. तपासनीसांच्या बायकोने पुढे होऊन विहीणबाईंचा हात धरला म्हणून मंडळी निदान हलली तरी.

पुढचे दोन दिवस तपासनीसांनी जपून काढले. सकाळी नमस्कार, रात्री नमस्कार, आणि मधे खुर्ची सरकवून देणं. शब्द त्यांच्याकडे भरपूर होते. पण लिफ्ट जशी दोन रुळांमधूनच वर-खाली करते, जरा हवा खायला म्हणून बाजूला जात नाही, तशी त्यांची वाक्यं तक्रारीचा रूळ सोडत नव्हती. ते गप्प बसले की विहीणबाई त्यांच्याकडे लग्नातल्यासारख्याच बघत, आणि मग सुनेच्या पाठीवरून हात फिरवत. तो हात तपासनीसांना सोसवेना. शेवटी त्यांनी दंतवैद्यांना जेवायला बोलावलं. कुणीतरी एक गोड बोलणारा माणूस टेबलाशी असावा, एवढाच हेतू. पाठ्यपुस्तकातले अ आणि ब एका टेबलाशी बसले की काय होणार, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. तुमच्या-आमच्याही आलं नसतं.

दंतवैद्य नवा कोट घालून आले. विहीणबाईंशी हात मिळवून त्यांनी वाकून आस्थापनेच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. कशाबद्दल, असं विहीणबाईंनी विचारलं. सर्वच गैरसोयींबद्दल, असं ते म्हणाले. त्यांना वाटलं होतं ओळख करून देताना असंच म्हणतात. पुस्तकभर अ दुसरं काही म्हणतच नाही.

सगळे बसले. सूप वाढलं गेलं. तपासनीसांच्या मनात होतं की पोटभर जेवा, घर तुमचंच आहे, असं काहीतरी म्हणावं. त्यांनी घसा साफ केला आणि सूप गार असल्याचं सांगितलं.

“क्षमा असावी,” दंतवैद्य ताडकन म्हणाले. “आत्ता बदलून आणतो.” आणि सहा महिन्यांच्या सवयीने त्यांनी विहीणबाईंच्या हातातली वाटी उचलून स्वयंपाकघरात नेली. तपासनीसांच्या बायकोने ती परत आणली. दंतवैद्यांनी पुन्हा क्षमा मागितली आणि बिलात सूट देऊ केली.

विहीणबाईंचा चेहरा बदलत चालला होता. त्यांनी मुलाला हळूच विचारलं की हे गृहस्थ कोण, आणि त्यांना या घराबद्दल एवढी लाज का वाटते. मग तपासनीसांकडे रोखून बघत सुनेला म्हणाल्या की तुझ्या वडिलांना माझं येणं आवडलेलं नाही, ते उघड सांगताहेत, आणि हा दुसरा माणूस त्यांच्या वतीने माफी मागतोय. एवढं तरी मला कळतं.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाबा, राहू द्या आता,” ती म्हणाली. “तुम्ही बोलू नका. नाही जमत तर नाही जमत.”

हे तिने रागाने म्हटलं असतं तर तपासनीस गप्प बसले असते. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण ती समजूत घातल्यासारखी म्हणाली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये बोलायला विसरलेल्या मुलाशी बोलावं तशी. तपासनीसांनी चमचा खाली ठेवला. जाईल तिथे जाईल म्हणून त्यांनी मनाचा ब्रेक सोडला. दुसरी भाषा येत नव्हती, तर येते तिच्यातच जायचं.

मला एक तक्रार नोंदवायची आहे, ते स्पॅनिशमध्ये म्हणाले.

दंतवैद्य सावरून बसले.

“खोली मोठी आहे,” तपासनीस म्हणाले. एकेक शब्द जिन्याची पायरी चाचपावी तसा येत होता. “तिची खोली. फार मोठी आहे. रात्री आवाज येत नाही. सकाळी पण आवाज येत नाही. पूर्वी यायचा.” ते थांबले. पुढे काय म्हणायचं ते पुस्तकात नव्हतं, पण कसं म्हणायचं ते होतं. “मी तीनदा सांगितलं नाही. एकदाही सांगितलं नाही. तिने चांगला माणूस निवडला, चांगलं घर निवडलं, तक्रारीला जागा ठेवली नाही. फक्त लांब आहे. मला हे चालणार नाही. याला जबाबदार कोण?”

जावई मान खाली घालून बसला होता. लेक आपल्या आईसाठी भाषांतर करत होती, ती पहिल्या वाक्यानंतर थांबली ती पुन्हा बोललीच नाही. बायकोला पुढचं एक अक्षर कळलं नव्हतं. तिने नवऱ्याचा चेहरा बघितला आणि भाषांतर मागितलं नाही.

“क्षमा असावी,” दंतवैद्य पुटपुटले. “ताबडतोब व्यवस्था करतो.”

“काही व्यवस्था होणार नाही,” विहीणबाई कडाडल्या, आणि त्यांनी खुर्ची दंतवैद्यांच्या दिशेने वळवली. घरात जबाबदार माणूस हाच दिसतो, अशी त्यांची एव्हाना खात्री पटली होती. मग त्यांनी सुरुवात केली. ती मध्यम पातळी नव्हती; ते फार वरचं काम होतं. पण तपासनीसांना शब्द न् शब्द समजला, कारण सगळी वाक्यं ओळखीची होती. माझीही खोली मोठी आहे, त्या म्हणाल्या. मुलगा म्हणाला दोन वर्षांत परत येतो. मी पहिल्या वर्षी त्याचा पलंग झाडत होते, आता झाडत नाही. फोन करतो आणि म्हणतो आई, मी घाईत आहे. घाईत आहेस तर फोन का करतोस? दोघं म्हणतात मजेत आहोत. मजेत आहेत, हे मी पण बघते. पण मला कुणी विचारलं का? यांना कुणी विचारलं का? म्हणून त्यांनी तपासनीसांकडे बोट केलं.

नाही विचारलं, तपासनीस म्हणाले. मी आधी कळवलं होतं, असंही त्यांनी जोडलं. ते खरं नव्हतं, पण वाक्य चांगलं बसत होतं.

दंतवैद्यांवर असा प्रसंग पुस्तकात कधी आला नव्हता. एका वेळी एकच गिऱ्हाईक तक्रार करतं, असा पुस्तकाचा शिरस्ता. इथे दोन गिऱ्हाइकं एकाच टेबलाशी एकमेकांना जोर देत होती. त्यांनी घाम पुसला आणि अ च्या भात्यातला शेवटचा बाण काढला: दोन्ही पाहुण्यांची सोय याच मजल्यावर करून देतो. विहीणबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मुलाकडे वळल्या. ऐकलंस, म्हणाल्या. हा परका माणूस कबूल झाला. तू कधी होतोस?

मुलगा आधी आईकडे, मग सासऱ्यांकडे बघत राहिला. उन्हाळ्यात इकडे येऊ आणि हिवाळ्यात तिकडे जाऊ, असं तो शेवटी म्हणाला. तपासनीसांनी विचारलं, किती दिवस. तो म्हणाला, महिना. विहीणबाई म्हणाल्या, आम्हाला हे चालणार नाही. बराच वेळ घासाघीस होऊन दीड महिन्यावर सौदा पटला. तोपर्यंत सूप खरोखरच गार झालं होतं, पण त्याबद्दल कुणीही काही बोललं नाही.

टेबलावरून उठताना विहीणबाईंनी सुनेला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला नाही. खांद्यावर एक चापट मारली.

“मला म्हणालीस वडील अबोल आहेत,” त्या म्हणाल्या. “लग्नात मला वाटलं हा माणूस नाराज आहे. बरोबरच वाटलं होतं. तो नाराजच आहे. पण ज्या गोष्टीवर आहे त्या गोष्टीवर मी पण आहे.”

राहिलेले दिवस दोघं व्याही गॅलरीत शेजारी-शेजारी खुर्च्या टाकून बसत. चहा कडू होता, ऊन तिरपं येत होतं, समोरच्या इमारतीचा रंग चुकला होता, आणि औषधवाल्याच्या गोळ्यांनी गुडघ्यांना काडीचाही फरक नव्हता. तपासनीसांची बायको मधूनमधून येऊन बसायची, दोघांचे चेहरे बघायची आणि काय चाललंय ते न विचारता मान डोलवायची. मान चुकीच्या जागी डोलवली तरी चालत असे. दंतवैद्यांना कुणी बोलावत नव्हतं. ते रोज यायचे, आणि प्रत्येक गोष्टीची माफी मागून जायचे.

परीक्षेत तपासनीस नापास झाले. जोडीचं संभाषण संपल्यावर परीक्षकांनी एखाद्या नातेवाइकाविषयी चार वाक्यं बोलायला सांगितलं होतं. त्यांनी चारऐवजी चाळीस बोलली, सगळी विहीणबाईंच्या मुलाच्या निष्काळजीपणाबद्दल, आणि थांबवलं तरी थांबेनात. दंतवैद्य अव्वल आले.

मंडळी परत गेल्यावर रविवारी तपासनीसांचा फोन तासभर गुंतलेला लागायचा. पुढे बुधवारीही लागू लागला. एकदा लेकीने सकाळपासून प्रयत्न केले. दुपारी फोन लागला तेव्हा ती वैतागली होती.

“बाबा, तुमचा फोन लागत नाही, तिकडे सासूबाईंचा लागत नाही. काय एवढं बोलता तुम्ही दोघं?”

तपासनीसांनी विचार केला. चार मजल्यांत बसेल असं उत्तर द्यायची त्यांना जुनी सवय होती.

“विशेष काही नाही,” ते म्हणाले. “तुम्हा दोघांबद्दल वाईट बोलतो.”

मग लेक म्हणाली, “बरं. बोला,” आणि नाक ओढल्याचा आवाज आला. पण फोन काही तिने ठेवला नाही.